घरचा मासा

बाबा होडीवरून आले की मासे ओतायचे ते मागच्या अंगणातल्या टेबलावर. टेबल कसलं, एक जुनं दार होतं, त्यावर पत्रा ठोकून चार खुंटांवर आडवं टाकलेलं. पाणी वाहून जावं म्हणून त्याला एका बाजूने उतार दिला होता, आणि उताराच्या टोकाशी मी उभी असायचे. घसरत येणारा मासा खाली पडू द्यायचा नाही, हे माझं काम. खरं तर मी मध्ये मध्ये लुडबुड करू नये म्हणून काढलेली ती युक्ती होती, पण मला ते नोकरीसारखं वाटायचं. मी शाळेतून आल्यावर दप्तरसुद्धा न काढता कामावर हजर व्हायचे.

आमच्या वस्तीत मासे निवडायची एकच रीत होती. मोठा मासा बाजारात, कारण गिऱ्हाईक त्यालाच हात लावतं. आणि दबलेलं, फाटलेलं, बारीकसारीक घरी. बाबा बरोबर उलट करायचे. मधले मासे बाजाराच्या पाटीत, बारीक मासळी शेजाऱ्यांना, आणि त्या दिवशी जाळ्यात आलेला सगळ्यात मोठा मासा विकायचा नाही. तो घरचा. बाकीचे मासेमार हसायचे, म्हणायचे, हा माणूस स्वतःच्याच पोटावर पाय देतो आणि पोटातच मासा घालतो. बाबा ऐकून घ्यायचे. त्यांच्या लहानपणी त्यांनी मोठा मासा फक्त पाटीत पाहिला होता, ताटात कधीच नाही. आजोबा तो डोक्यावर घेऊन बाजारात जायचे आणि मुलं वासावर जेवायची. माझी पोरं वासावर जेवणार नाहीत, एवढंच बाबांनी लग्नाआधी ठरवलं होतं. पोरं म्हणजे पुढे मी एकटीच झाले, पण ठरवलेलं त्यांनी पाळलं.

मोठा मासा म्हणजे बहुतेक वेळा एकाच जातीचा असायचा. लांब जबड्याचा, हिरवट काळ्या पाठीचा, दुसरे मासे गिळून वाढलेला. आमच्या घरात त्याचं नाव सरदार. तो टेबलावर आला की मी स्वयंपाकघराच्या दारातून आत ओरडायचे, "आई, सरदार आलेत." आई मान वर न करता म्हणायची, "त्यांना म्हणावं, पाय धुऊन आत या."

हे आम्ही किती वेळा बोललो असू, आणि दर वेळी मला हसू यायचं.

बाबा सरदाराचं पोट चिरायचे तेव्हा मी अगदी जवळ जायचे. पोटात आख्खे लहान मासे निघायचे, कधी चार, कधी डझनभर, काही इतके ताजे की वाटावं आत्ता पोहायला लागतील. बाबा ते ओळीने मांडून दाखवायचे. बघ, म्हणायचे, याचं आजचं जेवण. मग सुरी पाठीतून सरकायची. बाबांची बोटं सुरीच्या पुढे पुढे चालायची, डोळे दुसरीकडेच. काटा कुठे वळतो ते त्यांच्या बोटांनाच कळायचं. जाळं विणतानाही तसंच, गप्पा मारता मारता, आकाशाकडे बघत. मला वाटायचं, मोठं झालं की सगळ्यांचीच बोटं अशी होतात.

ताटात वाटणी ठरलेली होती. डोकं आणि गालातला मऊ भाग ज्याला ताकदीची गरज त्याला. मी काडीपैलवान, त्यामुळे वर्षानुवर्षं डोकं माझंच. मधला जाड तुकडा बाबांचा. उरलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्हा दोघांना. आई सरदार खात नसे. तिला तो कापसासारखा लागायचा म्हणे. ती शेजाऱ्यांना वाटून उरलेली बारीक मासळी तव्यावर कुरकुरीत करायची आणि काट्यांसकट चावून खायची. आम्ही तिला मांजर म्हणायचो. तीही म्याव करून दाखवायची.

त्या गालाच्या तुकड्याची चव मी आजही सांगू शकते. आधी खारट, मग गोडसर, आणि मग जिभेवर काहीच उरायचं नाही, विरघळून जायचा. पुढे कितीतरी ठिकाणी कायकाय खाल्लं, पण तसं काही लागलं नाही.

लग्न होऊन मी शहरात आले. कपडे कमी-जास्त करून देण्याचं दुकान, त्याच्या वर आमच्या दोन खोल्या. खाली मी मशीनवर बसते, वर संसार. नवरा वीजकाम करतो, आणि मासा पाहिला तरी त्याच्या अंगावर गांध्या उठतात. मासेमाराच्या घरात असा जावई आला हे बाबांनी फार मोठ्या मनाने घेतलं. एवढंच म्हणायचे, "बरं झालं. वाटेकरी एक कमी."

मला दिवस गेले आणि बाबांचा आठवडी फेरा सुरू झाला. बर्फाच्या डब्यात सरदार, डबा मांडीवर, आणि बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी. कंडक्टर म्हणे त्यांना विचारायचा, काका, आज किती तिकिटं, दोन का? डबा उघडून बाबा स्वतः तुकडे करायचे, स्वतः माझ्या ताटात डोकं वाढायचे आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोर बसून राहायचे. दोन जिवांची आहेस, म्हणायचे. मुलगी झाली, तिचे गोल गोल डोळे बघून बाबांनीच तिचं नाव गोटी पाडलं, आणि डबा येतच राहिला. आता कारण बदललं होतं. आता मी अंगावर पाजत होते.

गोटी सातव्या महिन्यातही बसेना. बसवली की उशीसारखी कलंडायची. आणलेल्या खुळखुळ्याकडे बघायची, पण हात पुढे करायला तिला फार वेळ लागायचा, जणू आधी कुणाची तरी परवानगी घेऊन येत होती. नवरा म्हणायचा, सावकाश होईल, मलापण बोलायची घाई नव्हती. मी मान हलवायचे. मलाही त्या दिवसांत ओठांभोवती मुंग्या यायच्या, सुईत दोरा ओवताना बोटं माझी नाहीत असं वाटायचं, डोक्यावरचे केस विंचरले की हातात यायचे. सगळं बाळंतपणावर ढकलून मोकळी होत होते. बाळंतपण हे फार सोयीचं कारण आहे, त्यात काहीही बसतं.

आणि बाबा. बाबा दारातून येताना डाव्या खांद्याने चौकटीला धडकायचे. शर्टाची बटणं लावायला त्यांना आई लागायला लागली होती. गोटीला घेतलं की हात थरथरायचे, आणि मग ते मुद्दामच जास्त हलवून तिला झोका द्यायचे, म्हणजे थरथर कुणाच्या लक्षात यायला नको. जाळ्याची सुई हातातून सुटते म्हणून त्यांनी विणणं बंद केलं होतं. आई म्हणायची, यांना हल्ली घराची दारं अरुंद वाटायला लागलीत. बाबा म्हणायचे, वय झालं. साठीही न झालेला माणूस.

गोटीला मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. शांत बाई, प्रश्न खूप विचारतात. गोटीला पालथी करून, धरून, डोळ्यांपुढे बॅटरी फिरवून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, तुम्ही खाता काय. मी ताठ बसले. सांगितलं, माझे वडील मासेमार आहेत, दर आठवड्याला ताजा मासा आणतात, गरोदरपणापासून एक आठवडा चुकवलेला नाही, आणि तोही बाजारातला नाही, घरचा. केवढा असतो, त्यांनी विचारलं. मी दोन्ही हात पसरून दाखवला. बाईंनी माझ्या हातांमधल्या त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि लिहायचं थांबवलं.

कोणत्या पाण्यातला, हे त्यांनी मग विचारलं. मी खाडीचं नाव घेतलं तसा त्यांनी चष्मा काढला. माझे आणि गोटीचे थोडे केस कापून घेतले, आणि म्हणाल्या, आईवडिलांनाही एकदा घेऊन या.

त्या दिवशी मला दोन भीती वाटत होत्या आणि त्यातली कुठली मोठी ते ठरेना. गोटीचं काय होणार ही एक. आणि बाबांना हे कसं सांगायचं ही दुसरी. बाईंनी अजून नक्की काही सांगितलं नव्हतं, पण मला कळलं होतं. त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट जगाच्या उलट केली होती, आणि ती आमच्यासाठी केली होती. बाबांना मी खोटं सांगून नेलं. गोटीसाठी घरातल्या सगळ्यांचीच तपासणी असते म्हटलं. केस कापताना बाबा बाईंना म्हणाले, हवे तेवढे घ्या, आता हिशेबापुरतेच उरलेत.

निकाल सांगायला बाईंनी आम्हा चौघांना समोर बसवलं. गोटी आईच्या मांडीवर होती. बाई सावकाश बोलल्या, एक एक गोष्ट. खाडीत येणाऱ्या नदीवर वरच्या अंगाला पूर्वी एक कारखाना होता, माझ्या जन्माच्याही आधी बंद पडलेला. तिथून पारा वाहत आला आणि खाडीच्या गाळात बसला. पाणी स्वच्छ दिसतं, वास येत नाही, चव बदलत नाही. गाळातलं किडामुंगीसारखं जे काही असतं ते लहान मासा खातो, त्याच्यापेक्षा मोठा त्याला खातो, आणि पारा शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साठत जातो.

बाई पुढे काही सांगणार तोच बाबा बोलले. "म्हणजे सरदार."

बाईंना सरदार कोण ते कळेना. बाबांनी टेबलाच्या काचेवर बोटाने रेघ ओढली, तिच्यावर लहान लहान रेघा, ओळीने. मी ओळखलं. आजचं जेवण. "त्याच्या पोटात मी रोज बघत आलोय," ते म्हणाले. "ह्या सगळ्यांचं ते त्याच्यात. आणि त्याचं आमच्यात."

बाई हो म्हणाल्या. पारा सगळ्यांत जास्त बाबांच्या केसांत होता, त्यांच्या हातांची आणि नजरेची तक्रार त्याचीच. त्याखालोखाल माझ्या. गोटीला तो पोटात असतानाच माझ्याकडून मिळाला होता, थोडा दुधातून. आईच्या केसांत मात्र जवळजवळ नाहीच.

बाबांनी आईकडे वळून बघितलं. आता त्यांना बाजूचं दिसत नाही, पूर्ण मान वळवावी लागते. "एका घरात राहून हिच्यात कसा नाही?"

बाईंनी आईला विचारलं, तुम्ही मासे खात नाही का.

"खाते की," आई म्हणाली. "उरतात ते."

गोटीने आईच्या पदराचं टोक तोंडात घातलं आणि आईने ते काढून घेतलं, जसं काही झालंच नाही. बाईंनी आम्हाला बाकीचं समजावलं. मोठा मासा आजपासून बंद, बारीक चालेल. दूध तोडायचं नाही, दुधाने होणारं भलं जास्त आहे. शरीर हळूहळू पारा बाहेर टाकतं, महिने लागतात. गोटीचं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझी समजूत घातली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची उपकृत आहे. म्हणाल्या, काही भरून निघेल, काही राहील, किती ते ती मोठी होताना दिसेल. तिच्याशी खेळा, बोला, व्यायाम दाखवते ते रोज करा.

आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. समोरच्या दुकानात कुणीतरी शटर ओढत होतं, जोर लावूनही ते येत नव्हतं. बाबा आईला म्हणाले, "तुला तो खरंच कापसासारखा लागायचा का गं?"

आई बस येते का ते बघत होती. "पहिल्या वर्षी आवडायचा," ती म्हणाली. "मग ही झाली."

बस आली तेव्हा आईने बाबांचा दंड धरून त्यांना पायरीवर चढवलं. मी खाली उभी राहून बघत होते. मला दोघांपैकी कुणासाठी रडू येत होतं ते कळत नव्हतं.

त्यानंतर बाबा आलेच नाहीत. पहिल्या आठवड्यात मी दाराच्या आवाजाकडे कान लावून बसले. दुसऱ्या आठवड्यात आईला फोन केला. ती म्हणाली, होडीवर जातात, येतात, जेवतात, पण तुझ्या घरी चला म्हटलं की काहीतरी काम काढतात. काल तर टेबलावरचा पत्रा घासत बसले होते, तो घासून कुणाला दाखवायचाय देव जाणे. मी गोटीला घेऊन निघाले.

बाबा अंगणातच होते. टेबलाशी बसून बारीक मासळी साफ करत होते, एक एक मासा डोळ्यांजवळ धरून, कारण बोटांना काही सांगता येत नव्हतं. मला बघून ते उठले आणि पुन्हा बसले. गोटीला घ्यायला हात पुढे केले नाहीत. माझे हात ओले आहेत, म्हणाले.

मी गोटीला टेबलाच्या उताराच्या टोकाशी धरून उभी राहिले. बोलायचं खूप ठरवून आले होते, बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. तुम्हाला काय माहीत, कुणालाच माहीत नव्हतं, असली. ती सगळी तोंडाशी येऊन फुसकी वाटली. बाबांना ती आईनेही सांगितली असणार, आणि त्यांनी ती माशाच्या खवल्यांसारखी झटकून टाकली असणार.

"मीच भरवलं," बाबा म्हणाले. "समोर बसून. तुला नको असायचं तेव्हापण."

"मला कधीच नको नसायचं, बाबा. त्या गालाच्या तुकड्याची चव अजून तोंडात आहे माझ्या. आत्ता दिलात तर आत्ता खाईन."

हे मी बोलायचं ठरवलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाले, "मीपण."

आणि आम्ही दोघं हसलो. हसणं बरोबर नव्हतं, पण आलं. आत आईने भांडं आपटलं, म्हणजे ती ऐकत होती.

मग त्यांनी सांगितलं, परवा एक आला होता जाळ्यात. चांगला हातभर. होडीत ओढल्यावर त्यांना कळेना आता याचं करायचं काय. घरी न्यायचा नाही. तो घेऊन बाजारात बसायचं, तर समोर येणाऱ्या बाईच्या घरात कोण असेल, कुणाला दिवस गेले असतील, काय सांगता येतं. तेवढ्यात पलीकडच्या होडीतले ओरडायला लागले, सोडतोस का काय, डोकं फिरलं का. बाबांनी सोडला. "जाताना मागे वळूनसुद्धा बघितलं नाही लेकाने," ते म्हणाले. "इतकी वर्षं सरदार सरदार केलं त्याला."

आता बाजारात ते मधले मासेही मांडताना मुद्दाम लहान पुढे ठेवतात, आणि पोटुशी बाई दिसली की तिला बारीक घ्यायला लावतात. काही जणी ऐकतात, काही समजतात की म्हाताऱ्याला बारीक खपवायचे आहेत, आणि पुढच्याकडे जातात. वस्तीतले त्यांच्यावर चिडून आहेत, धंद्यावर राख टाकतो म्हणतात. त्यांचंही चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही. त्यांचीही पोरं त्याच खाडीवर वाढतात. पण त्यांतल्या दोघांच्या बायका गुपचूप आईला विचारून गेल्या, केस कुठे तपासतात म्हणून.

गोटी दहाव्या महिन्यात बसली. रांगली ती पाठीमागे, खेकड्यासारखी, आणि मला त्याचाही इतका आनंद झाला की मी खाली दुकानात जाऊन गिऱ्हाइकांना सांगितलं. एका बाईंची विजार हातात होती, ती चार बोटं जास्त कापली गेली. केसांची पुन्हा तपासणी झाली, आकडे उतरतायत. माझ्या ओठांच्या मुंग्या गेल्या. बाबांच्या उजव्या हातात थोडी जाण आली, डाव्यात नाही. बाई म्हणतात, येईलच असं नाही.

परवा रविवारी आम्ही अंगणात बसलो होतो. बाबा खुर्चीत, डावा हात बाजूला लोंबता. ते नवऱ्याला होडीवर दिवा बसवायचं काम समजावत होते, तारा कुठून न्यायच्या, पाणी कुठे शिरतं, आणि नवरा न कंटाळता मान हलवत होता. गोटी खुर्चीच्या पायाशी खेळत होती. तिने खुर्चीचा पाय धरला, सोडला, वर बघितलं. मग बाबांचं लोंबणारं बोट तिला दिसलं. ते तिने मुठीत पकडलं, आणि दुसऱ्या हाताने त्यांची पँट, आणि गुडघे थरथरवत, फुसफुस आवाज करत, ती उभी राहिली.

बाबा तारांबद्दल बोलतच होते.

नवऱ्याने बोलणं ऐकायचं सोडलं होतं. आई दारात थांबली. बाबांना बाजूचं दिसत नाही आणि त्या बोटाला काही कळत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "खाली बघा."

त्यांनी मान वळवली, पूर्ण, जशी हल्ली वळवावी लागते. बघितलं. बोलणं तिथेच राहिलं. हात त्यांनी तसूभरही हलवला नाही. गोटी त्यांच्याकडे बघत होती, तोंड उघडं, हनुवटीवरून लाळ गळत.

नजर तिच्यावरून न काढता त्यांनी मला विचारलं, "धरलंय का गं घट्ट?"

"घट्ट धरलंय," मी सांगितलं.